दुसरी सही

धुळे,
१९ नोव्हेंबर २०२३

ती. आबा आणि मोठी आई यांस,
प्रशीलचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतोय, पण ती गुडघ्यापेक्षा जास्त माझ्यावर कुरकुरते. धाकट्या साक्षीला दवाखान्याच्या नोकरीत कायम केलं, ही गोड बातमी तिने स्वतः लिहायची होती. पण तिला तुमच्यासारखं कागदावर लिहायचा कंटाळा. ती म्हणते, आबांनी एकदाचा मोठा मोबाईल घ्यावा. मी म्हटलं, आबांना ऐकू येत नाही आणि त्या काचेवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा तू गप्प बस.

आता माझी बातमी. दसऱ्यानंतर मी लेथचं वर्कशॉप सोडलं. आग्रा रोडच्या मागे भूपेंद्र नानांचं बंदुकांचं दुकान आहे, परवान्याचं, तिथे दुरुस्तीच्या कामाला लागलो. नानांनी विचारलं, तुझ्या घरात कोणाला या कामाची माहिती आहे का. मी तुमचं सांगितलं, माझे मोठे काका तीस वर्षं काडतुसांच्या कारखान्यात मुकादम होते म्हणून. आणि पप्पांचंही सांगितलं. त्यांचा उजवा हात कारखान्यात गेला आणि तरी त्यांनी साहेबांसमोर, चूक माझीच होती, असं स्वतःहून लिहून दिलं, हे ऐकून नानांनी मला जवळच्या खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, असल्या बापाचा मुलगा मला पाहिजेच होता. आबा, मला फार बरं वाटलं. तुम्ही ती गोष्ट आम्हाला लहानपणापासून सांगत आलात, ती अशी कामाला आली.

आईला मात्र हे पटलेलं नाही. ज्या गोष्टीने नवऱ्याचा हात खाल्ला तिच्याच दारात पोरगा गेला, असं ती येईल त्याला सांगते.

एक विचारायचं होतं. दुकानात माळ्यावर एक हाताने दाबायचं जुनं यंत्र आहे, रिकामी पुंगळी पुन्हा भरायचं. नाना म्हणतात, सरावाची काडतुसं मिळत नाहीत, तर आपणच भरू. गोळ्या दोन तऱ्हेच्या आहेत, एक हलकी, एक जड. रिव्हॉल्व्हर तेच, पुंगळी तीच, दारू तीच. मग जड गोळीला दारू किती वाढवायची? मला वाटतं वाढवावीच लागेल, कारण जड गाडीला बैल जास्त लागतात. नाना म्हणतात, एवढ्याशा फरकाने काही होत नाही, दोन्हींना सारखीच घाल. तुम्ही सांगाल ते खरं. हे मोबाईलवर कोणाला विचारू नको, असं नानांनी बजावलंय, म्हणून पत्रातच विचारतो.

मोठ्या आईला सांगा, तिने दिलेलं शेवभाजीचं तिखट संपलं. तुमच्या दोघांच्या मायेची सवय झालेला,

प्रशील


जामनेर,
२७ नोव्हेंबर २०२३

चि. प्रशील यास,
आबाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. अक्षर पाहून आधी वाटले, दवाखान्यातून कोणीतरी औषधाची चिठ्ठी पाठवली. साक्षीला कायम केले हे वाचून तुझ्या मोठ्या आईने, बेबाबाईने, चार घरी साखर वाटली. मला विचारशील तर तिखटाचा डबा कधीच भरून ठेवला आहे, एसटीने कोणी येणारा सापडला की पाठवतो.

आता तुझ्या प्रश्नाचे. पहिली गोष्ट, तुझा बैलांचा हिशोब साफ उलटा आहे, आणि तुझ्या त्या नानांचा तर त्याहून वाईट. जड गोळीला दारू कमी लागते. नीट समजून घे, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. जड गोळी लांब असते. ती पुंगळीत जास्त खोल बसते, म्हणजे दारूची खोलीच लहान झाली. शिवाय जड असल्याने ती जागची लवकर हलत नाही. दारू पेटली, धूर झाला, आणि दारात जाडजूड माणूस बसलेला. कुकरच्या झाकणावर कोणी पाटा ठेवला तर जे होईल ते होते. आणि दाब हा काही गोळीच्या वजनाच्या मापाने वाढत नाही. थोडे चुकले की तो एकदम चढतो. हलक्या गोळीची दारू जड गोळीमागे घातली तर रिव्हॉल्व्हरचे चक्र फाटते, आणि ते धरणाऱ्याच्या तोंडासमोर असते.

किती घालायची तो आकडा मी सांगणार नाही. आकडा माहीत असूनही सांगणार नाही. प्रत्येक दारू वेगळी, प्रत्येक शिसे वेगळे, आणि अंदाज हा शब्द आमच्या खात्यात शिवीसारखा होता.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे, घरात तुम्ही सगळे तिच्यावरून माझी टिंगल करता. एका टेबलावर एकाच वजनाची गोळी. वजन बदलायचे असेल तर टेबल पुरते रिकामे करायचे, उरलेली दारू परत करायची, मापाची वाटी पालथी घालायची. मग चिठ्ठी. पहिली सही टेबल रिकामे करणाऱ्याची, दुसरी सही ते डोळ्यांनी पाहणाऱ्याची. दोन सह्या झाल्याशिवाय पालथी वाटी उलथायची नाही. मी आजही ओट्यावर दोन डबे उघडे ठेवू देत नाही आणि चहाचा कप पालथा घालतो, तेव्हा तुझी मोठी आई म्हणते, सेवानिवृत्त झाला पण मुकादम गेला नाही.

दुसरी गोष्ट, तुमच्या दुकानाला विकायचा आणि दुरुस्तीचा परवाना असेल. भरायचा परवाना आहे का? कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मला लिही. नसेल तर तो गुन्हा आहे, आणि माळ्यावरचे यंत्र माळ्यावरच राहू दे.

आणि एक. तुझ्या पप्पाची, धम्मपालची, गोष्ट दुकानातून सांगत फिरू नकोस. घरातली गोष्ट घरात बरी.

तुझ्या आईला, लिलाबाईंना, जयभीम सांग. त्यांचे म्हणणे खोटे नाही, त्यांच्याशी वाद घालू नकोस. उत्तराची वाट पाहतो, आणि जरा सुवाच्य लिही.

तुझा,
आबा


धुळे,
१४ डिसेंबर २०२३

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

अक्षर सुधारलंय बघा, साक्षीचं पेन घेतलंय.

तुम्ही लिहिलेलं नानांना वाचून दाखवलं. कुकर आणि पाट्याचं ऐकून ते हसले, पण मानलं त्यांनी. जुन्या कारखान्याचं छापील पुस्तक त्यांच्याकडे आहे, त्यातही जड गोळीचा आकडा कमीच निघाला. मग ते म्हणाले, तुझे काका पक्के आहेत. मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं.

परवान्याचं विचारलं. नाना म्हणाले अर्ज गेलाय, निघतोच आहे, सगळीकडे असंच चालतं. पारोळा, अमळनेरपासून शेतकरी येतात, रानडुकरांनी मका लोळवलाय म्हणून रडतात. वर्षाला मिळणारी काडतुसं त्यांना पुरत नाहीत. त्यांना नाही म्हणायचं तरी कसं? मी ऐकून घेतलं. खरं सांगतो, मला हे काम आवडायला लागलंय. सोनाराकडचा बारीक काटा आणलाय, पुंगळ्या धुऊन पुसून ओळीने मांडतो, एकेक माप तोलून घालतो. पप्पाही असंच करत असतील, असं वाटतं. घरात त्यांच्या हाताचं काहीच उरलेलं नाही, फोटोत पण शालीखाली हात झाकलेला.

तुमची वाटीची पद्धत सुरू केलीये. वजन बदललं की टेबल रिकामं, वाटी पालथी. चिठ्ठीचं मात्र जमत नाही. पहिली सही माझी, पण दुसरी कोणाची? नाना म्हणतात, मी तोंडानेच हो म्हणतो, ती माझी सही समज.

आबा, कारखान्यातली मापं लिहिलेली तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही पाठवाल का? थोडे दिवस. जपून परत करीन. आई म्हणते तिचं नाव काढू नको, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

तुमच्या ओरडण्याची वाट पाहणारा,

प्रशील


जामनेर,
२२ डिसेंबर २०२३

चि. प्रशील यास,
आशीर्वाद आणि जयभीम.

वही मिळणार नाही. ती काल चुलीत घातली. बेबाबाई बघत राहिली.

निघतोच आहे म्हणजे नाही. नवीन वर्षाच्या आत ते काम सोड. वर्कशॉपवाला परत घेत नसेल तर इकडे ये, जामनेरच्या बाजार समितीत ओळखीने काटा दुरुस्तीचे काम मिळेल. माझा आग्रह आहे असे समज, हुकूम आहे असे समज, काय समजायचे ते समज.

आणि सोडेपर्यंत एवढे ऐक. तोंडाने हो म्हणणे ही सही नाही. कागदावर केली तरी ती सही नाही. माणूस टेबलाजवळ येऊन उभा राहिला, त्याने वाकून वाटीत पाहिले, तरच ती सही. या गोष्टीत मी कोणाचेच ऐकणार नाही, माझे स्वतःचेही नाही.

मीच येऊन तुझा कान धरला असता, पण कमरेचे दुखणे उसळले आहे. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. भेटीत बोलू.

तुझी काळजी करणारा,
आबा


धुळे,
२० फेब्रुवारी २०२४

ती. आबांस,
प्रशीलचा सविनय जयभीम.

दोन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावले असाल. तुमचं ऐकलं नाही, म्हणून लिहायला तोंड नव्हतं. आता लिहितोय, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. आईला अर्धंच माहीत आहे.

पारोळ्याकडचे पितांबर आप्पा म्हणून नानांचे जुने गिऱ्हाईक. साठीचे, सरळ माणूस. दुकानात आले की मला आधी विचारायचे, जेवला का. त्यांच्याकडे बापाच्या वेळचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. नऊ तारखेला त्यांनी आमच्याकडून सहा काडतुसं नेली. दहा तारखेला सकाळी मळ्यात विहिरीजवळ त्यातलं पहिलं उडवून पाहिलं. चक्र फाटलं, वरची पट्टी तुटून कपाळात घुसली. त्यांची बायको मंदाबाई तिथेच खाटेवर मेथी निवडत बसली होती. आप्पा चार दिवस धुळ्याच्या दवाखान्यात होते. चौदा तारखेला गेले.

मी रोज दवाखान्यात जायचो. मंदाबाईला वाटायचं, दुकानाचा पोरगा किती मायाळू. तिने मला दोनदा विचारलं, तू जेवला का. आप्पांसारखंच. मला घास जात नाही आबा.

कसं झालं ते सांगतो. आठ तारखेला मी हलक्या गोळीचं काम लावलं होतं. माप त्याचंच. मधेच नानांनी मला स्टँडवर पार्सल आणायला पाठवलं. मी गेल्यावर हलक्या गोळ्या संपल्या, म्हणून नानांनी त्याच ट्रेमध्ये जड गोळ्या ओतल्या. दोन्ही करड्याच, वरून सारख्याच दिसतात. वाटी उताणीच राहिली. मी परत आलो तेव्हा ट्रे भरलेला दिसला. मी विचारलं, नाना, काही बदललंय का. ते फोनवर होते. त्यांनी हात हलवला, चालू दे म्हणून. मी चालू केलं. ट्रे भरलेला का, एवढं सुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. चोवीस काडतुसं भरली. हे सगळं मला नंतर कळलं. आप्पांची बातमी आली तसा मी दुकानात पळालो आणि उरलेल्या अठरातलं एक उघडून गोळी काट्यावर ठेवली. जड होती. मागे माप हलक्या गोळीचं होतं. तुम्ही लिहिलं होतं तंतोतंत तसंच.

पोलिसांनी दुकानाला सील लावलंय. रिव्हॉल्व्हर तपासणीला गेलंय. माझा जबाब सोमवारी, चार मार्चला आहे. नानांनी वकिलाकडून एक कागद लिहून आणलाय. त्यात असं, की मी नानांच्या माघारी, त्यांना न सांगता, स्वतःच्या हौसेने काडतुसं भरली, आणि नानांना यंत्र चालू असल्याचं ठाऊकच नव्हतं. नाना रडत होते. म्हणाले, मी आत गेलो तर दुकान बुडेल, मग तुमच्या घराकडे कोण बघणार? तू आत गेलास तर मी आईला आणि साक्षीला काही कमी पडू देणार नाही. तू धम्मपालचा मुलगा आहेस, तुझ्या बापाने हात गेलेला असताना सही केली होती.

आबा, मी विचार केलाय. यंत्राचा दांडा माझ्याच हाताने दाबला. पप्पांनी कोणाकडे बोट दाखवलं नाही, साहेबांसमोर एकट्याने चूक पत्करली. तुम्ही मला लहानपणापासून तेच शिकवलंत. मी सोमवारी सही करणार आहे. पप्पांचा फोटो समोर ठेवून ठरवलंय. फक्त तुमचा आशीर्वाद पाहिजे. पप्पा असते तर त्यांनी दिला असता.

आईला आणि साक्षीला तुमच्या ओटीत घालतो.

प्रशील


जामनेर,
२५ फेब्रुवारी २०२४
(स्पीड पोस्टाने)

चि. प्रशील,

सही करू नकोस. पुढचे वाचण्याआधी एवढे वाच. सही करू नकोस.

आज हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली. बेबाबाईला सांगून टाकले, ती आतल्या खोलीत आहे, माझ्याशी बोललेली नाही.

तुझ्या पप्पाची चूक नव्हती. माझी होती.

१९९६ साल. मी मुकादम, नोकरी पक्की. धम्मपालला मीच चिकटवले होते, हंगामी म्हणून. त्या दिवशी टेबलावर हलकी गोळी संपून जड गोळी येणार होती. आधीच्या पाळीच्या माणसाने टेबल रिकामे करून पहिली सही करायची, मी पाहून दुसरी. पण मला तेव्हा एक खोड लागली होती. रोज दहा-बारा वेळा उठून कोण जाणार, म्हणून मी सकाळीच चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर दुसऱ्या सह्या करून ठेवायचो. सगळे मुकादम करायचे, हे खरे आहे, पण ते सांगण्यात अर्थ नाही. आधीचा माणूस टेबल न उरकताच घरी गेला. माप हलक्या गोळीचेच राहिले, ट्रे जड गोळीचा आला. धम्मपालने चिठ्ठी उचलली. पहिली जागा रिकामी होती, दुसरीत माझी सही होती. भावाची सही पाहिल्यावर तो पहिली जागा कशाला बघेल? त्याने काम सुरू केले. नमुन्याची काडतुसे घेऊन तपासणीच्या खोलीत तोच गेला आणि त्यानेच नेम धरला; हत्यार त्याच्या हातातच फुटले. मी मागे उभा होतो. माझा डावा कान त्या दिवशी गेला, उजवा पुढे वयाने. यंत्रांच्या आवाजाने कान गेले असे मी तुम्हाला सांगत आलो, तेही खोटे.

त्याला दवाखान्यात नेले तेव्हा मी आधी टेबलाकडे गेलो. आधी टेबलाकडे, मग भावाकडे. चिठ्ठी उचलून खिशात घातली. चौकशीत सांगितले, त्याने चिठ्ठी न घेताच काम सुरू केले.

चार दिवसांनी त्याच्या खाटेशी बसलो. त्याला सगळे ठाऊक होते. मी म्हणालो, धम्मा, तुझा हात तर गेलाच. आता माझी नोकरी गेली तर दोन्ही घरे बसतील. तू लिहून दे, मी तुझ्या पोरांना काही कमी पडू देणार नाही. तुझ्या नानांचे शब्द तू लिहिलेस, ते माझेच शब्द आहेत. धम्माला उजवा हात नव्हता म्हणून त्याने डाव्या हाताचा अंगठा दिला. माझ्यापेक्षा चांगले अक्षर होते त्याचे, आणि त्याने अंगठा दिला.

तीन वर्षांत तो खंगून गेला. मी शब्द पाळला, तुम्हाला शिकवले, सणाला कपडे केले. आणि तुम्ही विचाराल म्हणून विचारायच्या आधीच एक गोष्ट रचून ठेवली, की तुमचा बाप किती प्रामाणिक, त्याने आपली चूक पत्करली. मला वाटले त्याने तुमची मान ताठ राहील. माझीही झोप लागायची. त्या गोष्टीने तुझ्या नानाने तुला हेरले, आणि त्याच गोष्टीने तू आज त्या कागदापुढे बसला आहेस. मी खोटे पेरले नसते तर तू सही करायला निघाला नसतास. डिसेंबरात मी कंबर धरून बसलो, तेव्हाच येऊन हे सांगायला हवे होते. पितांबर आप्पांच्या मरणात माझाही वाटा आहे.

तू निर्दोष आहेस असे मी म्हणत नाही. परवाना नाही हे तुला कळले होते, भरलेला ट्रे पाहून तू हात थांबवायला हवा होतास. तेवढे सांग, पूर्ण सांग. पण दुसऱ्याचे तुझ्या नावावर घेऊ नकोस. तसे केल्याने कोणी प्रामाणिक होत नाही, फक्त एक खोटे आणखी वाढते, आणि ते पुढच्या पोरांना खरे म्हणून शिकवावे लागते.

ती चिठ्ठी सोबत ठेवली आहे. अठ्ठावीस वर्षे माझ्या पेटीत होती. पहिली जागा अजून रिकामी आहे. हे पत्र आणि चिठ्ठी वकिलाला दाखव, पोलिसांना दाखव, कोणालाही दाखव. लिलाबाईंना मात्र तू दाखवल्याशिवाय राहू नकोस.

आशीर्वाद द्यायचा अधिकार मला उरला आहे की नाही, ते ठरवणारा मी नव्हे.

देवचंद


धुळे,
७ मार्च २०२४

ती. आबांस,
साक्षीचा जयभीम.

पत्र मी लिहिते आहे, कारण दादा लिहायला घरी नाही.

तुमचं पत्र २९ तारखेला मिळालं. दादाने उभ्याउभ्याच वाचलं आणि पप्पांच्या फोटोकडे पाठ करून बसला. रविवारी एकटाच पारोळ्याला गेला. मंदाबाईंना त्याने सगळं सांगितलं, ट्रेचं, मापाचं, परवान्याचंही. त्यांनी ऐकून घेतलं. त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. तो तासभर ओट्यावर बसून परत आला.

सोमवारी विहारातल्या दिपमालाताई वकील आहेत, त्यांच्यासोबत तो पोलीस ठाण्यात गेला. नानांचा कागद त्याने तिथे टेबलावर ठेवला आणि स्वतःचा जबाब वेगळा दिला. जे केलं ते केलं म्हणून सांगितलं, जे नाही केलं ते नाही म्हणून. नानांना त्याच संध्याकाळी नेलं. दादालाही नेलं. ताई म्हणतात, शिक्षा होईल, पण एकट्याच्या डोक्यावर बसणार नाही. जाताना दादा मला म्हणाला, आबांना कळव की मी सही केली, पण माझ्याच जबाबावर.

तुमचं पत्र आईला मी वाचून दाखवलं. तिने तीनदा वाचायला लावलं. रडली नाही. ती चिठ्ठी हातात घेऊन तिने रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मग हळूहळू बोलायला लागली. म्हणाली, दवाखान्यात तुम्ही एवढे रडत होतात की तिने स्वतःचं रडणं आवरून पदराने तुमचे डोळे पुसले होते. म्हणाली, पप्पा रात्री उठून बसायचे आणि ती त्यांना समजवायची, चूक कोणाच्याही हातून होते, मनाला लावून घेऊ नका. ते तिच्याकडे नुसतं बघायचे. तीन वर्षं ती त्यांना त्यांच्या न केलेल्या चुकीची माफी देत राहिली, हे तिला आता सहन होत नाही.

तुम्ही आम्हाला वाढवलंत, हे ती विसरलेली नाही, मीही नाही. माझ्या अंगावरचा दवाखान्याचा कोट तुमच्यामुळे आहे. पण कोणत्या कागदाच्या बदल्यात, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मला तुमचा राग येतो आणि तुमच्या डब्यातलं तिखट संपत आलं याचं वाईटही वाटतं, दोन्ही एकाच वेळी.

या महिन्याच्या २४ तारखेला पप्पांच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन. रविवार आहे, सगळे येणार. दर वर्षी तुम्ही फोटोशेजारी बसून त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगता आणि लोक डोळे पुसतात. आईचा निरोप असा आहे, की या वर्षीही तुम्ही यायचं आणि त्याच जागी उभं राहायचं. पत्र आणि चिठ्ठी तिने फोटोमागे ठेवली आहे. ती काढून तुम्ही स्वतःच्या तोंडाने बठ्ठासमोर, सगळ्या लोकांसमोर, वाचायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी म्हटलं, आबांना ऐकू येत नाही, लोक काय म्हणतील ते त्यांना कळणार कसं. तर ती म्हणाली, आयकू येत नही, पन बोलता येस ना त्यास्ले. ऐकायचं काम लोकांचं आहे.

मोठ्या आईला सोबत आणा. तिने जेवणं सोडलं असेल तर तिला सांगा, आईनेही सोडलं होतं, कालपासून घेतेय.

पत्राच्या शेवटी लोभ असावा ही ओळ मी लिहायला घेतली होती. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, तेवढी जागा रिकामी ठेव. त्यांचं वाचून झालं की मी स्वतः भरीन.

साक्षी